आष्टीच्या कैद्यांवर ‘दया’ झाली, असे म्हणू नका

१/ वर्धा जिल्ह्यातील आष्टी. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला. आंदोलक धारातीर्थी पडले, जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. पुढे आष्टी आणि चिमूरच्या अनेकांना फाशी ठोठावण्यात आली. अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी जिवाचे रान केले आणि १९४५ मध्ये उरलेल्यांची फाशी जन्मठेपेत बदलली.

२/ हीच घटना ‘इंग्रजांची दया’ म्हणून सांगितली जाते. माझी हरकत या शब्दाला आहे.

३/ माणसे मेली होती. खटला होणे रास्तच होते. प्रश्न न्यायासनाचा आहे. १९४२ च्या दुसऱ्या वटहुकूमाने खास फौजदारी न्यायालये उभी राहिली. कोणता खटला तेथे न्यायचा, हे सरकारच ठरवी. उच्च न्यायालयाचा हस्तक्षेप जवळजवळ संपवला होता.

४/ ४ जून १९४३ रोजी बेनवारीलाल शर्मा खटल्यात फेडरल कोर्टाने बहुमताने या वटहुकूमाची मुख्य कलमे अवैध ठरवली. सरकारने काय केले? दुसऱ्याच दिवशी नवा वटहुकूम काढला. खास न्यायालये गेली. त्यांच्या शिक्षा मात्र राहिल्या, जणू नियमित न्यायालयानेच त्या दिल्या होत्या! अपिलाची वाट उघडली, हे मान्य. परंतु खटला नव्याने चालला नाही. पुढे प्रिव्ही कौन्सिलने मूळ वटहुकूमही वैध ठरवला.

५/ येथेच मेख आहे. निकाल वैध मानला की कैद्याच्या हाती उरतो तो केवळ विनंती अर्ज. फाशी कमी करण्याचा अधिकार १९३५ च्या कायद्यानुसार गव्हर्नर जनरलकडे होता. पण शिक्षा सौम्य झाली म्हणून दोषाचा शिक्का पुसला जात नाही.

६/ आझाद हिंद सेनेचा पहिला खटला आठवा. शाहनवाज, सहगल, धिल्लन यांची जन्मठेप जानेवारी १९४६ मध्ये माफ झाली. दोषसिद्धी आणि बडतर्फी कायम राहिली. सुटका मिळाली, निर्दोषत्व नाही.

७/ ज्याने न्यायाची वाट अरुंद केली, त्यानेच शेवटी दोर सैल केला. याला दया म्हणणे म्हणजे त्या न्यायासनाला मागाहून मान्यता देणे होय. आष्टीचा इतिहास सांगताना ‘शिक्षा कमी झाली’ एवढेच म्हणा. तेच खरे आहे.