आत्मविश्वासाची मोजपट्टी

'पदवीनंतर मला काम मिळेल का?' हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात असतो. विद्यार्थी स्वतः या प्रश्नाचे उत्तर काय देतो, हे मोजण्यासाठी अँड्र्यू रॉथवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. तीत १६ विधाने असून ती चार घटकांशी निगडित आहेत : स्वतःवरील विश्वास, विद्यापीठाची प्रतिष्ठा, अभ्यासविषयाचे स्थान आणि रोजगाराच्या बाजारपेठेची स्थिती. प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत, हे विद्यार्थ्याने पाच पायऱ्यांवर नोंदवायचे असते.

येथे मोजली जाते ती क्षमता नव्हे, तर क्षमतेविषयीची धारणा होय. तरीही ती मोजणे निरर्थक नाही. कारण जो स्वतःला अपात्र मानतो, तो पुष्कळदा अर्जच करीत नाही.

माझा आक्षेप आहे तो केवळ गुणांच्या बेरजेवर विसंबण्याला. समजा, दोन विद्यार्थिनींना सारखेच, कमी गुण मिळाले. पहिलीला मराठीचे मुद्रितशोधन उत्तम येते. परंतु दूरशिक्षणाच्या पदवीला मान मिळेल का, याची तिला शंका आहे. दुसरीला विद्यापीठाचा अभिमान आहे. मात्र चार ओळींचा अर्ज लिहितानाही तिचा हात कापतो. बेरीज या दोघींना एकाच रांगेत उभे करते. वस्तुतः दुसरीला सरावाची गरज आहे, तर पहिलीची शंका समाजाच्या दृष्टीविषयी काही सांगते. ती शंका तिची वैयक्तिक उणीव ठरविणे अन्यायाचे होईल. ती दूर करण्याची जबाबदारी विद्यापीठावर आणि नोकरी देणाऱ्यांवरही येते.

मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्या अनेकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. घर, शेती वा दुकान सांभाळून ते रात्री अभ्यास करतात. पण या अनुभवाला 'कौशल्य' म्हणावे, हे त्यांना सुचतच नाही. हिशेब ठेवणे, माणसे सांभाळणे, वेळेचे नियोजन करणे ही कौशल्येच आहेत. त्यांची नोंद स्वतःच्या मनात नसेल, तर ती प्रश्नावलीत कोठून उतरणार?

म्हणून अशी मोजपट्टी अवश्य वापरावी. परंतु ती विद्यार्थ्यांची प्रतवारी लावण्यासाठी नव्हे, तर संवादाचा आरंभ म्हणून. गुण किती मिळाले, यापेक्षा ते कोठे कमी पडले व का, हे विचारणे अधिक महत्त्वाचे आहे.