स्वस्त औषधाला वाली कोण?

वस्तूचे उपयोगितामूल्य आणि तिचे विनिमयमूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठात पाणी व हिरा यांचा दाखला देऊन शिकविले जाते. ॲस्पिरिनची गोळी हा त्याहूनही बोलका दाखला ठरावा.

१८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात सिद्ध झालेले हे द्रव्य ताप, डोकेदुखी आणि सांध्यांची सूज यांवर अनेक दशके वापरले गेले. ते शरीरात नेमके काय करते, याचा उलगडा मात्र १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी केला. वेदना व दाह वाढविणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन द्रव्यांची निर्मिती ॲस्पिरिन रोखते. याच क्रियेमुळे रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी होण्यासही अटकाव होतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७,१८७ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत हृदयविकाराचा झटका आलेल्यांना महिनाभर अल्प मात्रेत ॲस्पिरिन दिल्याने पाच आठवड्यांत दर हजारी सुमारे चोवीस जीव वाचल्याचे दिसून आले.

इतक्या मोलाचे ज्ञान घरोघरी का पोहोचू नये? कारण उघड आहे. या औषधाचे एकस्व कधीच संपुष्टात आले. ज्यात नफा नाममात्र, त्याच्या प्रचारावर कोणता उत्पादक पैसा ओतणार? ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा पुरवठा बाजारपेठेवर सोपविला की तो अपुराच पडतो.

या अपुरेपणाची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. छातीत कळ आली असता 'पित्त झाले' म्हणून सोडा पिऊन मोलाचे तास दवडणारे आपल्याकडे थोडे नाहीत. उलटपक्षी, कोणाच्या तरी सांगण्यावरून रोज एक गोळी घेणारे निरोगी वृद्धही आढळतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १९,११४ निरोगी वृद्धांवरील चाचणीत मात्र अशा सेवनाने हृदयविकार टळल्याचे आढळले नाही. गंभीर रक्तस्राव तेवढा वाढला. डेंग्यूच्या तापात हीच गोळी घातक ठरू शकते आणि विषाणुजन्य तापाच्या मुलांना ती देऊ नये, असे वैद्यकशास्त्र बजावते. किंबहुना, ती कोणी व केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

तेव्हा हे काम शासनाने अंगावर घेतले पाहिजे. औषधांच्या वेष्टनावर ठळक मराठी सूचना, प्राथमिक आरोग्य केंद्रात सहज दिसणारा फलक आणि शालेय पाठ्यपुस्तकात एक धडा, एवढ्याला फारसा खर्च येणार नाही. छातीत कळ येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हे तरी प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असावयास हवे. औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणाऱ्या शासनाने त्यांच्या योग्य वापराचे ज्ञान वाऱ्यावर सोडणे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.