खोका फोडला, त्याची कैफियत

गेल्या सेमला माझ्या होस्टेलच्या कपाटात एक खोका पडून होता आणि त्याचं काय करायचं यावर अख्ख्या विंगला मत होतं. मला सोडून! आता मलाही आहे, म्हणून हा लेख.

खोक्यात होतं एका गाडीचं प्लॅस्टिक मॉडेल किट. जो-हान कंपनीची 'क्रायस्लर टर्बाईन कार', १९६० च्या दशकातली, स्केल १/२५, एकही भाग न जोडलेला. माझ्या आईचे मामा, म्हणजे आमचे मामाआजोबा, १९७१ साली नोकरीसाठी डेट्रॉइटजवळ गेले आणि तिथलेच झाले. तिथे कुणाच्या तरी गराज सेलमध्ये त्यांनी हे किट उचललं, निवांत बनवू म्हणून. मग नोकरी, घराचे हप्ते, मुलं... तो निवांतपणा काही आला नाही आणि आता त्यांचे हात थरथरतात. मागच्या दिवाळीत पुण्याला आले तेव्हा खोका माझ्याकडे देऊन एवढंच म्हणाले, "मेकॅनिकलला आहेस ना? घे." जप म्हणाले नाहीत, बनवही म्हणाले नाहीत.

रूममेटने लगेच नेटवर लिलावाचे भाव काढले. "सील फोडलंस की गेलं! विकून टाक, एक बरा लॅपटॉप येईल." बाबांचं म्हणणं, शोकेसमध्ये ठेव, आजोबांची आठवण आहे. दोघांचंही चूक नव्हतं, हीच तर पंचाईत.

आता ही गाडी काय होती ते सांगतो. क्रायस्लरने १९६३-६४ मध्ये पिस्टनऐवजी गॅस टर्बाईनवर चालणाऱ्या ५५ गाड्या बनवल्या. ५ प्रोटोटाईप आणि ५० लोकांना वापरायला द्यायला. बॉडी इटलीत घिया कंपनीकडे बनायची, इंजिन डेट्रॉइटचं, १३० हॉर्सपॉवर. आयडलिंगलाच अठरा-वीस हजार आरपीएम! एकूण २०३ सामान्य लोकांनी प्रत्येकी तीन-तीन महिने ती फुकट वापरली, इंधन तेवढं स्वतःचं. डिझेल चाले, रॉकेल चाले. मेक्सिकोत टकीलावरही चालवून दाखवली होती म्हणतात. तिला मानवत नव्हतं ते नेमकं तेव्हा पंपावर मिळणारं शिसंवालं पेट्रोल! प्रयोग १९६६ मध्ये संपला आणि कंपनीने ५५ पैकी ४६ गाड्या नष्ट केल्या. उरल्या ९.

आपल्याला थर्मलला ब्रेटन सायकल असते. रिजनरेटरचा टी-एस डायग्राम मी आजवर किमान दहा वेळा काढला असेल. पण रिजनरेटर दिसतो कसा असं ओरलला कुणी विचारलं असतं तर? एक चौकोन, त्यावर नाव, दोन बाण. संपलं. या गाडीत इंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक फिरती तबकडी होती. एक्झॉस्टची उष्णता शोषायची आणि फिरत जाऊन आत येणाऱ्या हवेला द्यायची. हे मला पुस्तकातून नाही कळलं. खोका फोडला, बॉनेटखालचं इंजिन जोडायला घेतलं, दोन बाजूंचे दोन गोल भाग हातात आले आणि हे काय म्हणून शोधायला बसलो, तेव्हा कळलं. १९६४ साली डेट्रॉइटमधल्या शाळकरी पोराला जे स्वयंपाकघरातल्या टेबलावर कळत असेल, ते मला टीईला कळलं. हसू नका, तुमचंही तेच आहे.

तर हो, फोडला. सबमिशन संपल्याच्या रात्री. आधी माहितीपत्रकाची प्रत्येक बाजू स्कॅन करून ठेवली, तेवढी अक्कल होती. मग पंचाईतींना सुरुवात. चॅसिस इतक्या वर्षांत किंचित पिळलेला. तो गरम पाण्यात धरून हलक्या हाताने सरळ करायचा, उकळतं पाणी नको. होस्टेलवर कॉईलला बंदी, म्हणून मेसच्या काकांकडे बादली घेऊन गेलो. "कपडे का?" म्हणाले. "गाडी," म्हटलं. क्रोमच्या भागांना सोल्युशन धरेना. कारण ते सोल्युशन चिकटवत नाही, पॉलिस्टायरिन विरघळवून दोन भाग एकजीव करतं, म्हणजे वेल्डिंगच. वर धातूचा मुलामा असेल तर ते प्लॅस्टिकपर्यंत पोचतच नाही. मग जोडाच्या जागी ब्लेडने खरवडायचं. पार्टिंग लाईन, इजेक्टर पिनचे ठसे, फ्लॅश, सगळं मोल्डिंगच्या युनिटमध्ये पाठ केलेलं. इथे बोटाला लागत होतं. जो-हान १९४७ साली एका टूल अँड डायमेकरनेच सुरू केलेली कंपनी होती हे कळल्यावर तर त्या साच्याबद्दल आदरच वाटला.

आणि विंडशील्डवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला. सोल्युशन लागलेल्या हाताने धरलं, दुसरं काय. तो आता कायमचा. त्या रात्री रूममेट काही बोलला नाही, त्याचा मला जास्त त्रास झाला.

कुणी म्हणेल, सगळ्यांनीच असे खोके फोडले तर उद्या बघायला काय उरेल? मुद्दा खरा आहे. जगातला शेवटचा डबा असता तर मी हात लावला नसता. पण हे किट पुढेही नव्याने निघालं होतं. माझं दुर्मिळ होतं ते जुनं म्हणून. आणि त्या ९ गाड्यांचंच बघा. बऱ्याचशा म्युझियममध्ये आहेत, पण लोक बोलतात ते जे लेनोच्या गाडीबद्दल, कारण तो ती रस्त्यावर काढतो. सीलबंद किटला भाव येतो तो कुणीतरी ते कधीतरी बनवेल या आशेचा, आणि भाव चढला की ते कुणीच बनवत नाही. हा व्यवहार मला कळत नाही. शेअर असता तर कळला असता.

गाडी झाली. वीसेक सेंटिमीटर लांब, रंग मूळ गाडीसारखा तांबूस, जवळून बघितलं तर दारापाशी एक ओघळ. परवा व्हिडिओ कॉलवर मामाआजोबांना दाखवली. धाकधूक होती. त्यांनी चष्मा चढवला.

"काचेवर काय आहे रे ते?"

"माझा अंगठा, आजोबा."

"हं. बॉनेट उघडतं का?"

उघडलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मोबाईल जरा जवळ घे. अजून जवळ. डावीकडचा रिजनरेटर तिरका बसलाय तुझा."

बसलाय खरा.