सुरणासारखी फोड

ग्लॅडिओलसचा कंद कापून लावायचा म्हणजे बियाण्याची नासाडी, असे बरेच बागायतदार मानतात. सुरणाच्या डोळेवाल्या फोडी मात्र तीच माणसे निर्धास्त लावतात! हा कंदही कांद्यासारखा पापुद्र्यांचा नाही, सुरणासारखा आतून भरीव आहे. खरे तर ते फुगलेले खोडच. वरचे तपकिरी कोरडे साल सोलले की डोळे एका रेषेत बसलेले दिसतात आणि बुडाशी मुळे फुटणारी चकती. अखंड कंदात शेंड्याचा डोळा बाकीच्यांना दडपून ठेवतो. उभा काप दिला की तेही जागे होतात. अट एकच, प्रत्येक फोडीला एक डोळा आणि चकतीचा तुकडा हवाच. आडव्या कापात खालच्या फोडीचा शेंड्याचा डोळा जातो आणि वरचीला चकतीच उरत नाही. बुडाशी सुटणारी बारीक पिल्ले फुकट मिळतात, मग सुरी कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण पिल्लू फुलायला दोन-तीन हंगाम घेते, मोठ्या कंदाची फोड बहुधा त्याच हंगामात फुलते. कुजण्याची भीती खरी. म्हणून फोडी बुरशीनाशकात बुडवून सावलीत एक-दोन दिवस सुकवाव्यात आणि सुरी दर कंदामागे स्पिरिटने पुसावी, कारण विषाणू पात्यावरूनही पसरू शकतो. दांडा थोडा आखूड येतो, हे मात्र नाकारता येत नाही. त्यामुळे बाजारासाठी फुले काढणाऱ्याने अखंड कंदच लावावेत. एखाद्या दुर्मीळ वाणाचे दोनच कंद हाती असतील, तर सुरी काढावी.