पाणी कमी, फड चार

मुलांनो, संगणकावर 'स्पोअर' नावाचा एक खेळ आहे. अमेरिकेच्या विल राइट यांनी तो रचला आणि २००८ साली तो बाजारात आला. सुरुवात पाण्यातल्या एका सूक्ष्म जिवापासून. त्यानं पाला खायचा की मांस, हे आपण ठरवायचं. मग तो जमिनीवर येतो, त्याची टोळी होते, टोळीचं राष्ट्र होतं आणि शेवटी स्वारी थेट अंतराळात!

खेळात घेण्यासारखं आहे. आधी जसं वागावं तसं पुढं पदरात पडतं. मारामारी करत आलात तर टोळीही लढाऊ निघते. पेरावं तसं उगवतं, हेच संगणक दाखवतो.

पण एक गोष्ट खटकते. राष्ट्र झालं की तीन रस्ते असतात: लढाई, व्यापार आणि धर्म. दुसऱ्याचं शहर तोफेनं जिंका, पैशानं विकत घ्या, नाहीतर धर्माच्या जोरावर आपल्याकडं ओढा. रस्ते तीन, पण मुक्काम एकच: दुसऱ्याचं ते आपलं करायचं. समाज पुढं जातो तो असाच का? माझं मत, नाही.

त्याला पुरावा आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाण्यावर शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार भाग करायचे. एकेका भागाला फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असतो. पाणी देणार पाटकरी. कुणी आपल्या हातानं पाट फोडायचा नाही.

आता खरी गंमत पाहा. पाऊस कमी झाला की सगळ्यांनी बसून ठरवायचं, यंदा कोणते फड भिजवायचे आणि कोणते कोरडे ठेवायचे. तुकडे सगळीकडं असल्यामुळं तोटा सगळ्यांना थोडा थोडा. एकाच घराची चूल विझत नाही. हा चौथा रस्ता त्या खेळात कुठाय?

ही नुसती जुनी गोष्ट नाही. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात पाणीवापर संस्था चालवून दाखवल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी आपणच गोळा करायची. पुढं २००५ साली राज्यानं अशा संस्थांसाठी कायदाच केला.

फड पद्धतीतही उणीव होती. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला. ज्याला जमीन नाही त्याला वाटा नाही. विहिरी आणि मोटारी आल्यावर जो तो आपल्यापुरतं पाहू लागला आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले. म्हणजे निवड एकदा करून भागत नाही, प्रत्येक पिढीला ती नव्यानं करावी लागते.

खेळात एकाच्या बोटावर सगळं राष्ट्र चालतं. डाव फसला तर पुन्हा मांडता येतो. गावाचा डाव तसा मांडता येत नाही, म्हणून तिथं सगळ्यांना विचारावं लागतं. मुलांनो, खेळ जरूर खेळा. पण 'जिंकलो' म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: माझ्या राष्ट्रात दुष्काळ पडला, तर कोरडा फड कुणाच्या वाट्याला?