विश्लेषण : फुलपाखरासारखे कान असलेला ‘पॅपिलॉन’ आणि युरोपचे नवे श्वान कायदे… पिल्लांच्या बाजाराला चाप बसेल?

जेमतेम तीन-चार किलो वजन, २८ सेंटीमीटरपर्यंत उंची आणि पंख पसरल्यासारखे दोन मोठे केसाळ कान. २०१९ मध्ये ब्रिटनच्या ‘क्रफ्ट्स’ या प्रतिष्ठेच्या श्वान प्रदर्शनात बेल्जियमचा ‘डिलन’ हा पॅपिलॉन सर्वोत्तम ठरला. या जातीला तो मान पहिल्यांदाच मिळाला. मात्र अशी छोटी, गोंडस कुत्री नेमकी कुठून आणि कशी विक्रीला येतात, हा प्रश्न युरोपात आता कायद्यापर्यंत पोहोचला आहे.

ही जात नेमकी कोणती?

‘पॅपिलॉन’ हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ फुलपाखरू. कान पंखांसारखे आणि कपाळावरचा पांढरा पट्टा फुलपाखराच्या शरीरासारखा, म्हणून हे नाव. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नोंदीत ही ‘काँटिनेंटल टॉय स्पॅनियल’ जात असून मूळ देश फ्रान्स आणि बेल्जियम आहेत. तिचा दुसरा प्रकार ‘फालेन’, म्हणजे पतंग. त्याचे कान खाली पडलेले असतात. हाच प्रकार जुना. उभ्या कानांच्या कुत्र्यांना पसंती मिळाली ती बरीच नंतर. माणसाच्या आवडीने जातीचे रूप कसे बदलते, याचे हे उदाहरण.

दिसायला ठणठणीत, मग अडचण कुठे?

पग किंवा फ्रेंच बुलडॉगचे नाक चपटे असल्याने त्यांना श्वास घेण्याचा त्रास होतो, तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. नेदरलँड्सने २०१९ मध्ये अशा आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या प्रजननासाठी कडक निकष लावले. पॅपिलॉनचे नाक निमुळते असते आणि तो चपळही असतो. त्यामुळे चेहरा पाहून लावलेले निकष त्याला लागू होत नाहीत. त्याचे धोके आत दडलेले असतात.

गुडघ्याची वाटी सरकणे ही लहान जातींमधली नेहमीची तक्रार पॅपिलॉनमध्येही आढळते. त्याहून गंभीर आहे तो मज्जासंस्थेचा एक आनुवंशिक आजार. त्याला कारणीभूत असलेला जनुकातील दोष २०१७ मध्ये संशोधकांनी शोधला. पिल्लू काही महिन्यांचे असतानाच त्याचा तोल जाऊ लागतो, पुढे चालणेही थांबते. त्यावर उपचार नाही. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तरच आजार होतो. एकाकडूनच आले तर कुत्रा आयुष्यभर निरोगी राहतो, पण तो दोष पुढच्या पिढीकडे देऊ शकतो. असे दोन ‘वाहक’ एकत्र आले, तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. जनुकीय चाचणी केली तर वाहक ओळखता येतो. चाचणी न करता तो कळण्याचा मार्ग नाही.

युरोपात काय बदलते आहे?

पॅपिलॉनचे माहेर असलेल्या फ्रान्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून दुकानांत कुत्री-मांजरे विकण्यावर बंदी आणली. घरी कुत्रा आणण्याआधी एका प्रमाणपत्रावर सही करावी लागते आणि त्यानंतर सात दिवस थांबावे लागते. भावनेच्या भरात होणारी खरेदी टळावी, हा हेतू.

युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये सर्व सदस्य देशांसाठी नियमावली प्रस्तावित केली. तीवर नोव्हेंबर २०२५ मध्ये संसद आणि सदस्य देश यांच्यात प्राथमिक सहमती झाली. मायक्रोचिप, नोंदणी, जवळच्या नात्यातील प्रजननाला मनाई आणि आरोग्याला घातक अशा टोकाच्या शारीरिक लक्षणांसाठी पैदास करण्यावर बंदी, या तिच्यातील प्रमुख गोष्टी.

एवढे पुरेसे आहे का?

नात्यातील प्रजनन थांबले तर एकच दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता घटते. पण नाते नसलेली दोन कुत्रीही वाहक असू शकतात. म्हणून पॅपिलॉनसारख्या जातीत खरी कसोटी ब्रीडरच्या कागदपत्रांची आहे. आई-वडील कोण, चाचणी केली का, मादीला किती वेळा पिल्ले झाली, हे सगळे त्यातूनच कळते. मायक्रोचिपमुळे पिल्लू कुणाकडून आले याचा माग लागतो. त्यातून जबाबदारी ठरवता येते, हा या नियमांचा सर्वांत मोठा फायदा.

भारतात काय स्थिती?

आपल्याकडे २०१७ पासून श्वान प्रजनन व विक्रीचे नियम आहेत. त्यानुसार ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मोबाइलवर फोटो पाहून, आगाऊ पैसे भरून पिल्लू मागवणाऱ्याला यातले काहीच तपासता येत नाही. त्यामुळे पिल्लू घेताना नोंदणी क्रमांक मागावा, पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी आणि चाचणीचे अहवाल वाचावेत. ब्रीडर यातले काही दाखवायला तयार नसेल, तर कान कितीही सुंदर असले तरी ते पिल्लू घेऊ नये.