डोंबिवलीच्या नावाचा आकडा

१११ चा वर्ग १२३२१. ११११ चा १२३४३२१. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की येतो १२३४५६७८९८७६५४३२१! चढत गेला तसाच उतरला. द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना 'डेम्लो' म्हटलं, ते आपल्या डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. कापरेकर कुठल्या विद्यापीठात नव्हते; देवळालीच्या शाळेत मास्तर होते.

माझं स्पष्ट मत आहे, हा गुणाकार प्रत्येक शाळेत पोरांकडून कागदावर करून घ्यावा. उभी मांडणी केली की दिसतं, मधल्या रकान्यात बरोबर नऊ एक जमतात. मग दहा वेळा १ घ्या. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. नक्षी मोडली! का? मधली बेरीज १० झाली, हातचा पुढे सरकला.

हातचा पोरं नियम म्हणून घोकतात. इथे तो काम करताना दिसतो. पोर्शन संपवायच्या घाईत 'का?' विचारायलाच वेळ उरत नाही, आणि गणिताची भीती तिथूनच सुरू होते. याला ना क्लासची फी लागते, ना ॲप. शिक्षकांनो, एक तास द्याच.